सहाव्या मजल्यावरची डोली

जमीन हलली की तिच्यामागोमाग माझा फोन हलायला लागतो. मी लिफ्टच्या कामातून निवृत्त झालो, पण फोनला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. "मेस्त्री, आत्ता हललं ना? लिफ्टनं जावं का नको?" हे विचारणारे सगळे वरच्या मजल्यांवरचे. तळमजल्यावरच्या एकाही दुकानदाराचा फोन आजवर आलेला नाही. उलट त्याला आपण विचारायला जावं, तर तो वजनकाट्यावरची साखर सारखी करत म्हणतो, "भूकंप? कधी? ट्रक गेला असेल हो."

अंकाच्या संपादकांनी मला लिफ्टमधले गमतीदार किस्से लिहायला सांगितले आहेत. किस्से पुष्कळ आहेत. नवरदेवासकट अडकलेली वरात आहे, लिफ्टमध्ये शिरून आरशातल्या स्वतःशी भांडत बसलेलं माकड आहे. पण लिहायला बसलो आणि मनात आली ती सोनामावशी. तेव्हा गमती थोड्या आणि मावशी जास्त, असं होणार. चालवून घ्यावं.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. लिफ्ट म्हणजे दोरांना टांगलेली खोली. दोर पोलादाचे, ते गच्चीवरच्या मशीनच्या चाकावरून जातात आणि पलीकडच्या टोकाला लोखंडी वजनांची चळत लटकते. माणसं खाली आली की वजन वर जातं, माणसं वर गेली की वजन खाली. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे घागरी बांधाव्यात तसं. खोली आणि वजन दोन्ही आपापल्या पोलादी रुळांना धरून चालतात. एरवी सगळं गुण्यागोविंदानं चालतं. इमारत डोलली की मात्र दोर झोके घेतात, वजन रुळात खडखडतं. म्हणून भूकंपानंतर लिफ्ट बंद ठेवायची, मेस्त्रीनं दोर, रूळ, ब्रेक पाहायचे आणि मगच चालू करायची. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि लोकांच्या शिव्याही आयुष्यभर खाल्ल्या.

आमच्या महाडला सात मजले म्हणजे टॉवर. मुंबईवाले हसतील. उमेदीची वर्षं मीही मुंबईत काढली आहेत. तिकडच्या तिसाव्या मजल्यावर साधा वादळी वारा आला तरी कमोडमधलं पाणी डुचमळतं. पण महाडचे सात मजलेही हलतात, आणि त्यातली गंमत अशी की एकाच इमारतीतल्या माणसांना वेगवेगळा भूकंप मिळतो. घाटापलीकडे कोयनेच्या अंगाला जमीन अधूनमधून कूस बदलते. ते इथं पोचेपर्यंत खालच्या मजल्यांवर फार तर मांडणीतली भांडी किणकिणतात, नाहीतर तेवढंही नाही. तोच हेलकावा वर चढत जातो तसा संथ आणि लांब होत जातो. होडीत बसल्यासारखं पोटात काहीतरी सरकतं.

आणि अशा वेळी भूकंप झाला असं माणसाच्या डोक्यात लगेच येत नाही. आधी वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. एका बँकेतल्या साहेबांनी चक्कर आली म्हणून बीपीची गोळी घेतली, मग शेजाऱ्यानंही घेतलेली कळली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. एका बाईंनी सोफ्यावर बसल्या बसल्या नवऱ्याला झापलं, "अहो, किती वेळा सांगितलं, पाय हलवू नका!" नवरा न्हाणीघरात होता. पाचव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर माझ्याविरुद्धच तक्रार केली की तुमची लिफ्ट माझं घर हलवते. मी म्हटलं, साहेब, माझ्या लिफ्टमध्ये एवढी ताकद असती तर ती दर पावसाळ्यात बंद पडली नसती.

पावसाळ्यावरून आठवलं, महाडात लिफ्टचा खरा वैरी म्हणजे पूर. सावित्री बाजारपेठेत शिरली की पहिली भरते ती लिफ्टच्या तळातली खड्ड्याची जागा. पुराला कंटाळूनच इथली माणसं वरचे मजले घ्यायला लागली. पुरानं गावातली माणसं वर चढवली आणि दरडीनं डोंगरातली माणसं खाली आणली. दोघांची गाठ पडली ती अशा इमारतींमध्ये.

सोनामावशी डोंगरातली. तळीयेवर डोंगर आला त्या पावसाळ्यात तिच्या वाडीच्या माथ्यालाही भेग पडली. वाडी राहिली, पण पुढच्या पावसात राहीलच असं कुणी छातीठोक सांगेना. मुलगा दत्ता एमआयडीसीत फिटर. त्यानं सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, तो आईला घेऊन आला. सून माहेरी बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे दत्ता कामावर गेला की घरात मावशी एकटी. ती येताना दोन गोष्टी घेऊन आली. एक शिंकं. ते तिनं स्वयंपाकघरात पंख्याच्या हुकाला टांगलं आणि त्यात दुधाचं पातेलं ठेवलं, शेजारी फ्रिज असताना. दुसरं म्हणजे लुगड्यात बांधलेलं गाठोडं. ते तिनं सोडलंच नाही. दाराच्या मागे ठेवलं, कधीही उचलून निघता येईल असं.

माझी नि तिची ओळख लिफ्टच्या दारातली. महिन्याच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. तिनं मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "कुटला रे तू?"

"उमरठकडचा."

"कंच्या वाडीतला?"

आमच्या मुलखात या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी सांगितलं, "बौद्धवाडीतला." मावशीनं लिफ्टच्या उघड्या दारातून वरच्या दोरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोरात जीव हाय का रे त्या?" मी म्हटलं, "म्हैस टांगलीत तरी तुटायचे नाय." "मी म्हैस नाय," असं म्हणून ती आत गेली, आणि कपबशी घेऊन बाहेर आली. चहात दूध भरपूर होतं. त्यानंतर तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय मी कधी त्या इमारतीतून खाली उतरलो नाही.

मग एका दुपारी जमीन हलली. मी जवळच दुसऱ्या इमारतीत काम करत होतो. त्या टॉवरच्या वॉचमनचा फोन आला, "काका, लिफ्ट अडकली, आत सहाव्यावरची म्हातारी हाय."

झालं होतं असं. हलायला लागल्यावर वरचे सगळे चपला शोधत, पोरं काखेत मारत जिन्यानं पळाले. मावशीच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. तिनं गाठोडं उचललं आणि लिफ्टमध्ये शिरली. तेवढ्यात वॉचमननं शॉर्टसर्किट नको म्हणून मेन स्विच पाडला. लिफ्ट चौथ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधे लटकली.

मी धापा टाकत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पोचलो. वॉचमनला सोबत घेतलं. वीज नसताना लिफ्ट हातानं उतरवायची असेल तर एकानं ब्रेक सैल करायचा आणि दुसऱ्यानं मशीनचं चाक फिरवायचं. पण त्याआधी आतल्या माणसाशी बोलायचं, हा माझा शिरस्ता. हात नंतर, आवाज आधी. मशीनरूमच्या जमिनीत दोर खाली जायला भोकं असतात. मी पालथा पडून तिथून हाक मारली.

"मावशी, ऐकू येतंय का? घाबरू नका. तुम्ही ठीक आहात ना?"

काही नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही. आणि मग कसं कोण जाणे, तोंडून गावची हाक निघाली.

"मावशे, हाय का गो?"

खालून, त्या अंधाऱ्या बोगद्यातून खणखणीत आवाज आला, "हाय!"

डोंगरातल्या वाचकांना हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या पोलादपुराच्या वाड्यांवर रस्ते आले ते आत्ता. त्याआधी आजारी माणूस, अडलेली बाई डोलीतून न्यायची. बांबूला घोंगडी नाहीतर गोधडी झोळीसारखी बांधायची आणि पुढे-मागे खांदे द्यायचे. झोळीतल्या माणसाला आभाळाखेरीज काही दिसत नाही. म्हणून धरणाऱ्यांनी वाट सांगत जायचं, "चढ आला गो", "पानी हाय रे", "वळान हाय". आणि आतल्यानं दर वेळी म्हणायचं, "हाय". म्हणजे मी आहे, ऐकतोय, चला पुढं. "हाय" आलं नाही की डोली खाली ठेवायची आणि तोंडात पाणी घालायचं. तरुणपणी मी किती डोल्या धरल्या त्याची गणती नाही. सगळ्या आमच्याच वाडीच्या. वरच्या वाडीची, म्हणजे मावशीच्या जातीतल्यांची, डोली वरची वाडी धरायची. रीतच तशी होती, चांगली नव्हती, पण होती.

तर मी चाक फिरवत गेलो आणि सांगत गेलो. "आता हललं हां, मावशे." "हाय." "खाली चाललीय." "हाय." "जरासा धक्का बसंल." "हाय." तिसऱ्या मजल्याशी लिफ्ट जुळली. मी खाली जाऊन किल्लीनं दार उघडलं. मावशी मांडी घालून, मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. केसही विस्कटलेला नव्हता. तिनं माझ्या मागे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"येकलाच?" तिनं विचारलं. "बाकीची मानसं कुठं हायत?"

बाकीची माणसं खाली आवारात होती, हातात मोबाइल घेऊन एकमेकांना विचारत होती, तुम्हाला जाणवला का.

संध्याकाळी दत्ताचा फोन आला. आई गावाला निघालीय, तुम्ही समजवा. गेलो. दत्ताचे डोळे लाल झाले होते. "आई, डोंगराला भेग हाय गो. तुला तिथं ठेवून मला झोप लागंल काय?" मावशी त्याच्याकडे न बघता गाठोड्याची गाठ आवळत होती.

मी माझी विद्या पाजळायला घेतली. इमारत हलते म्हणून टिकते, ताठ राहिली तर मोडेल, वरच्या मजल्याला झोका जास्त वाटतो म्हणून धोका जास्त असतो असं नाही, वगैरे. शिंक्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे बघ, हे हललं तरी दूध सांडलं का?"

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ता मला ठाव हाय रे. शेतातलं मचान हलतंच. वाऱ्याला हललं नाय तर मोडतंय. मी हलण्याला भ्याले नाय."

"मग?"

"तू म्हनतोस जमीन हलली का लिफ्ट बंद ठेवायची. माझं पाय जिना उतरत नाय. दत्ता कामावर. मंग माझी डोली कोन धरनार? वाडीवर डोंगर आला तर आला, पन हाक मारली का चार मानसं धावतील. हितं सगळी माझ्या दारावरनं पळाली. येकानं कडी वाजवली नाय."

माझ्या पोतडीत सगळ्या मापांचे पाने होते, या नटाला बसणारा एकही नव्हता. दत्तानं फार विनवल्यावर ती एवढंच म्हणाली, "दिवाळीपर्यंत ऱ्हाते. मंग नाय." गाठोडं पुन्हा दाराच्या मागे गेलं.

मला ते गाठोडं दिसत राहिलं. पुढच्या आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती, लिफ्ट बंद का ठेवता याचा जाब विचारायला मला बोलावलं होतं. जाब देऊन झाला, चहा आला. आणि मी विचारलं, "एक सांगा, या बिल्डिंगमध्ये डोली कुणी कुणी धरलीय?"

लोक हसले. एकानं विचारलं, "लग्नाची का?" मग चौथ्या मजल्यावरचे मोरे सर, हायस्कुलात भूगोल शिकवतात, हळूच म्हणाले, "मी धरलीय. माझ्या आजोबांची. शिवथरच्या खोऱ्यातून रस्त्यापर्यंत." त्यांच्या पलीकडचा एक हात वर झाला, मग आणखी एक. दुसऱ्या मजल्यावरच्या रझियाभाभी म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना आणलं होतं, मी पाण्याची बाटली घेऊन संगती चालले होते." पाहता पाहता अर्धी मीटिंग आपापल्या डोंगरात जाऊन पोचली. कुणाची आत्या वाटेतच बाळंत झाली होती, कुणाचा बाप "हाय" म्हणता म्हणता थांबला होता. फ्लॅटची दारं बंद असली तरी आतली माणसं त्याच वाटांनी खाली आली होती. त्यांनी मावशीचं दार वाजवलं नाही ते वाईट म्हणून नव्हे. आता डोलीची गरज संपली असं सगळ्यांना वाटलं होतं. लिफ्ट आली होती ना! त्यात माझाही हातभार होताच.

मग मावशीच्या डोलीसाठी बांबू आला. मोरे सरांनी गावाहून आणवला, हिरवा, जाड. सेक्रेटरींचा चेहरा पडला. म्हणाले, "जिन्यात बांबू ठेवला तर येणारा-जाणारा विचारेल, कोण गेलं?" रझियाभाभींनी त्याला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली, लाल-पिवळी. आता तो तिरडीचा वाटेना. दुसरी अडचण सरावाला निघाली. झोळीत पोत्याची गुंडाळी घालून सहाव्या मजल्यावरून निघालो आणि पहिल्याच वळणावर बांबू भिंतीत रुतला. डोंगरातली वाट सैल वळते, जिना काटकोनात वळतो. बांबू कापून आखूड केला, तरी पुढच्या माणसानं खाली वाकायचं आणि मागच्यानं बांबू डोक्यावर धरायचा, हे आम्हाला नव्यानं शिकावं लागलं. मावशी दारात उभी राहून बघत होती. "पोतं बोलत नाय म्हनून तुमचं चुकतंय," एवढंच म्हणाली.

दिवाळी जवळ आली. दत्तानं आईला नवीन लुगडं आणलं, ते तिनं गाठोड्यात बांधून ठेवलं. आम्ही सगळे काय ते समजलो.

त्या सकाळी मी मशीनरूममध्ये ग्रीस लावत होतो. आधी दोर वाजले. लिफ्टच्या बोगद्याच्या भिंतीवर टक, टक, कुणी बोटानं वाजवावं तसे. मग पायाखालची गच्ची हळूच एकीकडे गेली आणि परत आली. मी लिफ्ट तळाला बोलावून बंद केली. जिन्यात सगळ्या मजल्यांवरून धावपळ, पोरांची रडारड. मी जिना उतरून सहाव्यावर आलो. दत्ता पहिल्या पाळीला गेलेला. मावशी दारात उभी होती, कडीला धरून.

आणि सगळी माणसं खाली जात असताना एक माणूस वर येताना दिसला. मोरे सर. खांद्यावर लाल-पिवळा बांबू, श्वास लागलेला, एक चप्पल पायात, एक नाही. त्यांच्या मागे गोधडी घेऊन रझियाभाभी.

हलायचं तोवर थांबलं होतं. थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, पुन्हा येऊ शकतं. आम्ही गोधडी बांधली, मावशीला आत बसवलं. पुढे मोरे सर, मागे मी. माझे गुडघे तेव्हाच निवृत्त झाले होते, पण खांद्याला ओळख राहिली होती.

"निघालो गो, मावशे."

"हाय."

"उतार हाय."

"हाय."

वळणावर बांबू डोक्यावर घेतला तेव्हा माझा तोल जरासा गेला. मावशीनं झोळीतून हात वर काढला आणि माझ्या मुठीवर ठेवला. सुरकुतलेला, गार हात. मला माझा बाप आठवला. वरच्या वाडीच्या डोलीला त्याला कुणी हात लावू दिला नसता, आणि त्यानंही कधी लावला नसता. जिन्यात डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच चाललो.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी दुसऱ्या बाजूनं हात लावला. तिसऱ्यावर आणखी कुणीतरी. खाली गेलेली माणसं परत वर येत होती. "वळण आहे हो, आजी," कुणी शुद्ध भाषेत म्हणालं, तिनं त्यालाही "हाय" दिलं. शेवटी शेवटी तर पोरं कठड्यावरून विनाकारण ओरडत होती, "आजी, हाय का?" आणि ती न कंटाळता एकेकाला हजेरी देत होती.

आवारात नारळाच्या सावलीत डोली टेकवली. मावशी उठून बसली, पदर सारखा केला. रझियाभाभींनी पाणी दिलं. तेव्हा माझं लक्ष गेलं. तिच्या मांडीवर काही नव्हतं.

"मावशे, गाठोडं वर राह्यलं तुझं."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग पाणी पिऊन झाल्यावर, "थांबलं का रे हलायचं?"

"थांबलं."

"मंग वर न्या. दूध शिंक्यात हाय, तुमाला च्या करते."

मोरे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशे, लिफ्ट बंद हाय. दोर तपासल्याशिवाय चालू करायची नाय. नियम हाय माझा."

"मी कुठं लिफ्टीचं बोलले? जसं आनलंत तसं न्या की."

मोरे सरांनी पायात उरलेली एक चप्पलही काढून टाकली. या वेळी बांबूला हात लावायला एवढी माणसं पुढे आली की मला मागच्या टोकाशी जागा भांडून घ्यावी लागली. डोली उचलली. पहिली पायरी आली.

"चढ आला गो, मावशे!"

"हाय!"